कुंपणातले हरीण : वाढत्या कळपाचे गणित

‘जंगलात हरणे वाढली’ ही बातमी चांगली की वाईट? हा प्रश्न वर्गात विचारला, तर बहुतेक विद्यार्थी ‘चांगली’ असेच उत्तर देतील. वन्यप्राणी कमी होत आहेत हे त्यांनी पाठ्यपुस्तकात वाचलेले असते, त्यामुळे वाढणे म्हणजे चांगलेच, असा त्यांचा सरळ हिशेब असतो. सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर अभयारण्याच्या कडेला शेती करणाऱ्याला हाच प्रश्न विचारला, तर उत्तर वेगळे येईल. वनाधिकाऱ्याला विचारला, तर तो क्षणभर थांबून उलट विचारील : ‘किती हरणे, आणि किती जंगल?’

हा प्रतिप्रश्न हाच या लेखाचा विषय आहे. त्याचे उत्तर शोधताना जीवशास्त्र, गणित आणि थोडेसे नागरिकशास्त्र असे तीन विषय एकत्र येतात. म्हणूनच शिक्षकांनी तो वर्गात जरूर न्यावा असे आम्हाला वाटते.

हरीण म्हणजे नेमके कोण?

मराठीत आपण चितळालाही हरीण म्हणतो आणि काळविटालाही. बोलण्यात हे चालते, पण प्राणिशास्त्रात ही दोन वेगळी कुळे आहेत. चितळ, सांबर आणि भेकर हे खऱ्या हरणांच्या कुळातले. काळवीट, चिंकारा, चौशिंगा आणि नीलगाय हे मात्र गाय, म्हैस, शेळी यांच्या कुळातले आहेत. सह्याद्रीत आढळणारी इवलीशी पिसोरी या दोन्हींपेक्षा निराळ्या कुळातली आहे. तिला शिंगेच नसतात.

हा फरक ओळखण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे शिंग. काळविटाचे शिंग म्हणजे हाडाचा गाभा आणि त्यावर आपल्या नखांसारख्याच पदार्थाचे पोकळ आवरण. ते जन्मभर वाढते, गळत नाही आणि त्याला फाटे फुटत नाहीत. चितळाचे शिंग मात्र आतून बाहेरून भरीव हाडच असते. त्याला फाटे फुटतात, ठराविक काळाने ते गळून पडते आणि त्या जागी नवे येते. चितळ, सांबर व भेकर यांच्या फक्त नरांनाच शिंगे असतात.

नवी मुंबईतील शाळांच्या सहली पनवेलजवळच्या कर्नाळा अभयारण्यात नेहमी जातात. पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे अभयारण्य जेमतेम १२ चौरस किलोमीटरचे आहे, पण तेथेही भेकर आहे. भेकर एकट्याने राहणारे व लाजरे असल्यामुळे दिसत क्वचितच. कुत्र्याच्या भुंकण्यासारखा त्याचा आवाज मात्र ऐकू येऊ शकतो. चितळ व सांबर पाहायचे असतील, तर बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जवळचे.

दरवर्षी उगवणारे हाड

हरणाचे शिंग हा सस्तन प्राण्यांतील एक अचंबा आहे. जुने शिंग गळाले की कपाळावरच्या खुंटावर जखम भरून येते आणि तेथून नवे शिंग वाढू लागते. वाढत्या शिंगावर मऊ लव असलेली त्वचा असते. तिच्यात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते आणि हात लावला तर ती गरम लागते. याच त्वचेतून हाडाला कॅल्शियम, फॉस्फरस व प्रथिने पुरवली जातात. मोठ्या आकाराच्या जातींत हे हाड दिवसाला एक-दोन सेंटिमीटर इतक्या वेगाने वाढू शकते. कोणत्याही सस्तन प्राण्याचे दुसरे कोणतेही हाड इतक्या झपाट्याने वाढत नाही.

वाढ पूर्ण होत आली की नराच्या शरीरातील टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण चढते. हाड कठीण होते, त्वचेचा रक्तपुरवठा थांबतो आणि ती सुकून सोलपटते. नर झाडाच्या बुंध्यावर शिंगे घासून ती काढून टाकतो. जंगलात कोवळ्या खोडांची साल एका बाजूने घासलेली दिसली, तर हे त्याचे कारण असू शकते. प्रजननाचा काळ सरला की संप्रेरकाची पातळी उतरते, खुंटाजवळचे हाड झिजते आणि शिंग गळून पडते.

थंड प्रदेशातील हरणांत हे चक्र दिवसाच्या लांबीशी घट्ट बांधलेले असते. उत्तर अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या नरांची शिंगे साधारण एकाच सुमारास वाढतात व एकाच सुमारास गळतात, कारण कडक हिवाळ्याच्या देशात पाडस भलत्या ऋतूत जन्मले तर ते जगत नाही. चितळात असा कडेकोट नियम नाही. प्रत्येक नराचे चक्र थोडे वेगळे असते. म्हणून एकाच कळपात एकाची शिंगे कठीण, दुसऱ्याची मखमली आणि तिसऱ्याची नुकतीच गळालेली, असे दृश्य दिसते. मध्य भारतात उन्हाळ्यात माजाचा जोर जास्त असला, तरी पाडसे वर्षात केव्हाही जन्मू शकतात.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. शिंगाला जितके फाटे, तितकी हरणाची वर्षे, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. वाढ झालेल्या चितळाच्या प्रत्येक शिंगाला साधारणपणे तीनच टोके असतात, मग तो पाच वर्षांचा असो वा आठ. शिंगांची लांबी व जाडी वयाबरोबरच त्या वर्षी मिळालेल्या चाऱ्यावर अवलंबून असते. म्हणूनच एखाद्या जंगलातील नरांची शिंगे वर्षानुवर्षे खुजी होत चालली, तर ती उपासमारीची खूण असू शकते. शिंग हा जणू त्या जंगलाच्या चाऱ्याचा ताळेबंद असतो.

गळालेली शिंगेही वाया जात नाहीत. साळिंदर ती कुरतडून त्यातले कॅल्शियम मिळवते. सहलीत असे शिंग सापडले तर विद्यार्थ्यांनी ते पाहावे, त्याचे चित्र काढावे आणि तेथेच ठेवावे. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ते परवानगीशिवाय घरी आणता येत नाही. शिवाय त्यावर साळिंदराचा हक्क आपल्या आधीचा आहे.

कळप कशासाठी?

अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांनी १९६० च्या दशकात मध्य प्रदेशातील कान्हा येथे चितळांचा जो अभ्यास केला, तो १९६७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. भारतीय हरणांच्या शास्त्रीय निरीक्षणाचा पाया बऱ्याच अंशी त्या कामाने घातला. चितळांचा कळप गाईंच्या खिल्लारासारखा कायमचा नसतो, हे त्यातून स्पष्ट झाले. माद्या आणि त्यांची पाडसे हा त्याचा गाभा. नर येतात, जातात, या कळपातून त्या कळपात मिसळतात. पाऊस पडून गवत उगवले की मोकळ्या माळावर शंभराहून अधिक चितळ एकत्र दिसू शकतात. चारा विरळ झाला की तेच लहान लहान टोळ्यांत विखुरतात.

कळपाचा मुख्य फायदा म्हणजे अनेक डोळे. एक चितळ खाली मान घालून चरतो तेव्हा दुसऱ्या कोणाची तरी मान वर असते. धोका दिसला की तो पाय आपटतो, तीक्ष्ण आवाज काढतो आणि शेपटी उभारतो. शेपटीचा खालचा भाग पांढरा असतो, त्यामुळे ती निशाणासारखी दिसते. अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरणाला तर नावच या सवयीवरून मिळाले आहे. दोन खंडांतील दोन जाती, पण धोक्याची भाषा तीच.

वानरांची व चितळांची दोस्तीही सर्वश्रुत आहे. वानरे झाडावरून पाला, फुले, फळे खाली टाकतात आणि चितळ ती खातात. वानराला उंचावरून दूरचे दिसते, चितळाला जमिनीलगतचा वास व चाहूल लवकर लागते. दोघेही एकमेकांच्या इशाऱ्याला ओळखतात.

मादी साधारण सव्वा ते दीड वर्षाची असताना प्रथम गाभण राहते, सुमारे साडेसात-आठ महिन्यांनी एकच पाडस देते आणि थोड्याच काळात पुन्हा माजावर येऊ शकते. ‘एका वेळी एकच’ हे ऐकायला थोडे वाटते. पण एकाच नरापासून अनेक माद्या गाभण राहतात, हे लक्षात घेतले की कळपाची वाढ किती झपाट्याने होऊ शकते याची कल्पना येते.

चार कप्प्यांचे पोट

चितळ रवंथ करणारा प्राणी आहे. त्याच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्मजीव असतात. गवतातील सेल्युलोज तेच पचवतात. हरीण एका अर्थाने स्वतः गवत पचवत नाही, तर गवत पचवणाऱ्या जिवांना पाळते! हे सूक्ष्मजीव ज्या चाऱ्याला सरावलेले असतात, तो अचानक बदलला की घोटाळा होतो. पाव, बिस्किटे, भात, चपात्या यांतील पिष्टमय पदार्थ पोटात वेगाने आंबतात, आम्ल तयार होते, उपयुक्त सूक्ष्मजीव मरतात आणि प्राणी गंभीर आजारी पडतो. कधी दगावतोही. म्हणून उद्यानात हरणांना खाऊ घालणे ही भूतदया नव्हे. प्लॅस्टिकची पिशवी तर याच कप्प्यात अडकून राहते आणि पोट भरल्याचा खोटा भास निर्माण करून प्राण्याला उपाशी मारते.

सागरेश्वरची कहाणी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव असलेल्या देवराष्ट्रे गावाजवळ सागरेश्वराची प्राचीन मंदिरे आहेत. भोवतालचे डोंगर एके काळी उघडेबोडके झाले होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने तेथे झाडे लावली गेली, राखली गेली आणि हरणे आणून सोडण्यात आली. १९८५ साली या १०.८७ चौरस किलोमीटर क्षेत्राला अभयारण्याचा दर्जा मिळाला. नैसर्गिक जंगल राखून अभयारण्य घोषित करणे ही नेहमीची रीत. येथे आधी जंगल घडवले, मग प्राणी आणले आणि मग अभयारण्य झाले. महाराष्ट्राला अभिमान वाटावा असेच हे काम आहे.

प्राणी सुरक्षित राहावेत म्हणून भोवती कुंपण घातले गेले. आत चितळ, सांबर, काळवीट. बाहेर कृष्णाकाठची बागायत : ऊस, द्राक्षे, भाजीपाला. ज्या जंगलात चितळांच्या संख्येवर अंकुश ठेवायला वाघ आणि रानकुत्रे असतात, तसे हे जंगल नव्हते. पाणवठे माणसाने केलेले, शिकारीला बंदी, मोठ्या शिकारी प्राण्यांचा कायमचा वावर नाही. अशा वेळी जे व्हायचे तेच झाले. हरणे वाढली. उन्हाळ्यात आतले गवत संपले की कुंपणाच्या फटीतून ती शेतात उतरू लागली. शेतकऱ्याचे पीक जाऊ लागले. बाहेर पडलेली हरणे कुत्र्यांच्या तावडीत सापडू लागली किंवा वाहनांखाली येऊ लागली.

यात खलनायक कोणीच नाही, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगायला हवे. झाडे लावणाऱ्यांचे चुकले नाही. हरीण भुकेपोटी बाहेर पडते. शेतकऱ्याचे वर्षाचे उत्पन्न दोन रात्रींत जाते, तेव्हा त्याचा संतापही खोटा नसतो. पिकाच्या नुकसानीबद्दल सरकारी भरपाईची तरतूद आहे, पण पंचनामा, अर्ज आणि वाट पाहणे हे सारे त्याच्याच वाट्याला येते.

कागदावरचा कळप

वाढीचा वेग समजण्यासाठी एक काल्पनिक कळप घेऊ. समजा १०० चितळ आहेत : ४० नर आणि ६० माद्या. माद्यांपैकी ४५ प्रजननक्षम आहेत. वर्षभरात ४५ पाडसे जन्मली, त्यातली १५ वर्षाच्या आत मेली आणि ३० जगली. मोठ्या प्राण्यांपैकी १० मेले. वर्षअखेर संख्या झाली १२०. म्हणजे वाढ शेकडा २०.

हाच वेग राहिला तर पुढील आकडे असे येतील : १००, १२०, १४४, १७३, २०७. सुमारे चार वर्षांत दुप्पट. सोळा वर्षांत ही संख्या साडेअठराशेच्या घरात जाते. सागरेश्वरएवढ्या क्षेत्रात हे सर्व ठेवले, तर दर चौरस किलोमीटरला १७० चितळ होतील. भारतातील उत्तम जंगलांतही दर चौरस किलोमीटरला पन्नास ते ऐंशी चितळ म्हणजे भरगच्च वस्ती मानतात. चक्रवाढ व्याज शिकवताना बँकेऐवजी एकदा हा कळप वापरून पाहावा.

हे केवळ कागदावरचे नाही. अमेरिकेतील मिशिगन राज्यात जॉर्ज रिझर्व्ह नावाच्या सुमारे साडेचार चौरस किलोमीटरच्या कुंपणबंद क्षेत्रात १९२८ साली पांढऱ्या शेपटीची सहा हरणे सोडण्यात आली : दोन नर, चार माद्या. सहा वर्षांत त्यांची संख्या १६० च्या आसपास गेली. या जातीत चारा चांगला असेल तर जुळी पाडसे नेहमीचीच, त्यामुळे वेग चितळापेक्षाही जास्त.

वाढ अखेर थांबते कशी, याचे सर्वांत कठोर उदाहरण अलास्काजवळच्या सेंट मॅथ्यू बेटाचे आहे. १९४४ साली तेथे २९ रेनडिअर सोडले गेले. बेटावर त्यांना मारणारा लांडगा नव्हता आणि दगडफुलांचा भरपूर चारा होता. १९६३ साली संख्या सहा हजार झाली. दगडफूल अतिशय सावकाश वाढते, आणि ते जवळजवळ संपले होते. मग एक कडक हिवाळा आला. १९६६ साली मोजणी केली तेव्हा उरले होते ४२.

एखादे क्षेत्र स्वतःची नासाडी न होऊ देता जितक्या प्राण्यांना पोसू शकते, त्या संख्येला धारणक्षमता म्हणतात. ही संख्या दगडावरची रेघ नव्हे. चांगल्या पावसाच्या वर्षी ती चढते, दुष्काळात उतरते. सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे प्राण्यांनी ती एकदा फार ओलांडली, की ती स्वतःच कायमची खाली येऊ शकते. कारण नवी रोपे वर येण्याआधीच खाल्ली जातात. अशा जंगलात एका ठराविक उंचीखाली सर्व झाडांचा पाला साफ झालेला दिसतो, जणू कोणी सुतळी धरून कापला आहे. ही ‘चराईची रेघ’ दिसली की जंगल संकटात आहे असे समजावे. अंदमानात ब्रिटिशांच्या काळात चितळ नेऊन सोडले गेले. तेथे वाघ-बिबटे नाहीत. त्या बेटांवरील रोपांच्या वाढीला चितळांमुळे मोठी बाधा पोहोचल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. आपला देखणा चितळ तेथे परका उपद्रवी ठरला.

नर काढावेत की माद्या?

समजा संख्या कमी करायचीच ठरली. मग कोणते प्राणी काढायचे? पुन्हा तोच शंभरांचा कळप घेऊ आणि २० प्राणी काढू.

पहिल्या पद्धतीत २० नर काढले. उरले २० नर आणि ६० माद्या. उरलेले नर सर्व माद्यांना पुरेसे आहेत, म्हणून ४५ पाडसे जन्मली आणि ३० जगली. मोठ्यांपैकी ८ मेले. वर्षअखेर संख्या १०२. म्हणजे सगळे श्रम वाया!

दुसऱ्या पद्धतीत २० प्रजननक्षम माद्या काढल्या. उरल्या तशा २५ माद्या. पाडसे २५, जगली सुमारे १७. मोठे ८ मेले. वर्षअखेर संख्या ८९.

कळपाची वाढ नरांच्या नव्हे, माद्यांच्या संख्येवर ठरते, हा यातला धडा. उत्तर अमेरिकेत हरणांच्या शिकारीला परवाने देऊन संख्या आटोक्यात ठेवतात. तेथील शिकाऱ्यांना मोठ्या शिंगांच्या नराची हौस असते, पण व्यवस्थापनाला गरज असते माद्या कमी करण्याची. म्हणून माद्यांसाठी तेथे वेगळे परवाने काढावे लागतात.

आणखी एक गंमत आहे. प्राणी कमी केले की उरलेल्यांना चारा जास्त मिळतो. माद्या लवकर वयात येतात, पाडसे जास्त जगतात, आणि वाढीचा वेग चढतो. म्हणजे एकदा काढून भागत नाही, हे काम सतत करावे लागते.

वाघ हा व्यवस्थापक

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेच्या शिकारीचे युग संपवले, आणि ते योग्यच झाले. मग आपल्याकडे हे काम कोण करणार? निसर्गात ते वाघ, बिबट्या व रानकुत्रे करतात.

वाघाचा हिशेब सोपा आहे. एका वाघाला वर्षाला चितळाएवढे साधारण ५० प्राणी लागतात. भक्ष्याची संख्या टिकून राहायची असेल, तर त्यातील दरवर्षी सुमारे दहावा हिस्साच वाघाने खावा. म्हणजे एका वाघामागे सुमारे ५०० प्राणी हवेत. ज्या जंगलात हे पाचशे नाहीत, तेथे वाघ सोडला तरी तो टिकत नाही. तो गुरांकडे वळतो किंवा निघून जातो.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वाघाची जागा बिबट्याने घेतली आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या जंगलात व लगतच्या भागात २०१५ साली स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने ३५ बिबट्यांची नोंद झाली होती. चितळ, सांबर हे त्यांचे भक्ष्य आहेच, पण जंगलाच्या कडेला भटक्या कुत्र्यांचाही त्यात मोठा वाटा असतो. जंगलात चितळ पुरेसे असणे हा वस्तीतील माणसांच्याही हिताचा प्रश्न आहे, तो असा.

आता महाराष्ट्राचा नकाशा समोर ठेवा. एकीकडे सागरेश्वर, जेथे हरणे जास्त आणि वाघ नाही. दुसरीकडे सरळ रेषेत फार दूर नसलेले चांदोली. कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. येथे जंगल आहे, पण भक्ष्य कमी. पुनर्वसन झालेल्या गावांच्या जुन्या शेतांवर आता गवताळ माळ तयार झाले आहेत. एका ठिकाणचे जास्तीचे चितळ दुसरीकडच्या गरजेला देता येतील, हा विचार त्यातूनच पुढे आला. अलीकडच्या वर्षांत सागरेश्वरमधील चितळ चांदोलीत हलवण्याचे काम हाती घेण्यात आले, आणि २०२५ च्या अखेरीस ताडोबाकडील वाघीणही सह्याद्रीत आणून सोडण्यात आली.

हरीण हलवायचे कसे?

हे सांगितले तितके सोपे नाही. हरीण पकडताना पळवले, दोरीने बांधले, तर ते पकडल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी मरू शकते. भीतीने व धावण्याने स्नायूंत आम्ल साठते, स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातले पदार्थ रक्तात उतरून मूत्रपिंडावर व हृदयावर आघात करतात. बाहेरून जखम दिसत नाही, पण प्राणी हातचा जातो.

यावर आफ्रिकेत ‘बोमा’ नावाची पद्धत विकसित झाली. जंगलात नरसाळ्याच्या आकाराचे लांबलचक आवार उभारतात. भिंती अपारदर्शक कापडाच्या किंवा गवताच्या असतात. प्राण्याला पलीकडचे काही दिसत नाही, म्हणून तो भिंतीवर धडकत नाही. आत काही दिवस चारा-पाणी ठेवून त्याला सवय लावतात. मग मागून पडदे बंद करत कळपाला हळूहळू अरुंद टोकाकडे आणि तेथून उतरंडीने थेट वाहनात नेतात. कोणी हात लावत नाही, भुलीचे इंजेक्शनही लागत नाही. मध्य प्रदेशात पेंचमधील चितळ सातपुड्याच्या जंगलात अशाच रीतीने नेले गेले.

तरीही दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. पहिली, हलवण्यापूर्वी रोगांची तपासणी हवी, नाहीतर गुरांकडून आलेला आजार नव्या जंगलात पोहोचेल. दुसरी, चितळ हा झुडपी रान व गवताच्या कडेचा प्राणी आहे. अतिपावसाच्या घनदाट घाटमाथ्यावर तो मुळात तुरळकच. तेथे त्याचा जम कसा बसतो, रोपांवर काय परिणाम होतो, हे वर्षानुवर्षे मोजत राहायला हवे. अंदमानचा धडा विसरून चालणार नाही.

वर्गातील प्रयोग : न मोजता मोजणे

या सगळ्याच्या मुळाशी एक प्रश्न राहतोच : हरणे मोजायची कशी? ती रांगेत उभी राहत नाहीत. अभ्यासक ठराविक सरळ वाटांवरून चालतात, दिसलेले प्राणी व त्यांचे अंतर नोंदवतात. समजा एकूण १० किलोमीटर चाललो आणि दोन्ही बाजूंचे ५० मीटरपर्यंतचे प्राणी मोजले, तर आपण एक चौरस किलोमीटर क्षेत्र पाहिले. जवळचा प्राणी हमखास दिसतो, दूरचा निसटतो. किती निसटले असतील, हे अंतराच्या नोंदींवरून गणिताने काढतात.

दुसरी पद्धत वर्गातच करता येते. एका डब्यात न मोजता भरपूर वाल घ्या. त्यातून ४० वाल काढून त्यांवर शाईने खूण करा आणि पुन्हा डब्यात टाकून नीट हलवा. आता डोळे मिटून ५० वाल काढा. समजा त्यात खुणेचे ८ निघाले. तर एकूण वाल अंदाजे ४० गुणिले ५० भागिले ८, म्हणजे २५०. शेवटी प्रत्यक्ष मोजून पडताळा पाहा. प्रयोग पाच गटांनी केला तर पाच वेगवेगळी उत्तरे येतील. त्या उत्तरांची सरासरी काढा, आणि ती वेगळी का आली यावर चर्चा घडवून आणा. वाघ-बिबट्यांच्या गणनेत शाईच्या खुणेचे काम त्यांच्या अंगावरचे पट्टे व ठिपके करतात.

प्रयोगानंतर वर्गाचे तीन गट करावेत : शेतकरी, वनाधिकारी आणि प्राणिमित्र. प्रत्येकासमोर एकच प्रश्न ठेवावा. सागरेश्वरमध्ये या वर्षी पाऊस कमी झाला आहे, गवत मार्चपर्यंतच पुरेल, तर काय करावे? बाहेरून चारा आणला, तर पुढच्या वर्षी पाडसे आणखी वाढतील. काहीच केले नाही, तर हरणे शेतात जातील किंवा उपाशी मरतील. हलवायचे ठरवले, तर किती, कोणती आणि कुठे? माद्यांना गर्भनिरोधक टोचता येईल का, असेही एखादा विद्यार्थी विचारील. अमेरिकेत तसे प्रयोग झाले आहेत, पण शेकडो मोकळ्या हरणांना पुन्हा पुन्हा औषध देत राहणे किती अवघड, हे त्यानेच शोधून काढावे.

या चर्चेत प्रत्येक गटाने आपली सूचना आकड्यांसह मांडावी, एवढी एकच अट घालावी. कुंपण घालून आपण हरणांना वाघापासून, शिकाऱ्यापासून आणि रस्त्यापासून दूर ठेवले. त्यामुळे वाघ जे काम करीत होता, ते आता आपल्याकडे आले आहे. ते करायचे तर दरवर्षी मोजणी करावी लागेल, गवत पाहावे लागेल आणि कुंपणापलीकडच्या शेतकऱ्यालाही विचारावे लागेल.